गाडीखालची ओल

बायको गेल्यावर वर्षभर मी देवपूजा चुकवली नाही, पण देवाशी एक शब्द बोललो नाही. गंध लावायचं, फूल वाहायचं आणि पाठ फिरवायची. सरकारी कचेरीत उभा जन्म काढल्यामुळे मन नसताना काम उरकायची सवय होतीच. सिडकोतल्या आमच्या घरात दुपारी चमचा पडला तरी मी दचकायचो, कारण दिवसभरात तेवढाच काय तो आवाज. शेजारी विचारायचे, काही हवंय का? मी म्हणायचो, काही नको. कुणापुढे शब्द टाकायचा म्हटलं की माझ्या जिवावर येतं.

चैत्रात तिचं वर्षश्राद्ध आलं. ते पैठणला गोदाकाठी व्हावं, ही तिने शेवटच्या दुखण्यात बोलून दाखवलेली एकच इच्छा. मुलगा बंगळूरहून यायला तयार होता. मीच म्हणालो, रजा कशाला घालवतोस, विधीला मी बसतो. गुरुजींनी बाराची वेळ दिली होती, त्यानंतर त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं. वेळ चुकली असती तर तिचं एवढं एक मागणंही माझ्या हातून राहिलं असतं. सकाळी साडेआठलाच मी आमची अठरा वर्षांची गाडी काढली. शेजारच्या सीटवर तीळ आणि दर्भाची पिशवी ठेवली. तिथे ती बसायची.

चितेगाव मागे पडलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. गोडसर, जळका वास आला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कशीबशी बाभळीखाली घेतली, बॉनेट उघडलं आणि घाईघाईने फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

"काका, हात नका लावू. उकळतं पाणी तोंडावर येईल."

पन्नाशीचा माणूस होता. अंगात कारखान्याचे तेलकट कपडे, मोटारसायकलला डबा लटकवलेला. तिथल्याच एका कंपनीत यंत्रं दुरुस्त करायचा आणि रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. मी म्हणालो, मला बाराच्या आत पैठणला पोचायचंय, पटकन पाणी ओतू. तो शांतपणे म्हणाला, "तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर तडा जाईल. आता तिला कुणी शिवायचं नाय. बसा सावलीत."

त्या पाऊण तासात झालो तितका लाचार मी आयुष्यात कधी झालो नसेन. घड्याळ पुढे सरकत होतं आणि माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. त्याने डबा उघडला, भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. मी म्हणालो, आज बायकोचं वर्षश्राद्ध आहे, विधी होईपर्यंत खाणार नाही. त्याने भाकरी परत ठेवली, झाकण लावलं. "मग मीबी थांबतो," एवढंच बोलला. रात्रभर राबलेला माणूस माझ्यासाठी उपाशी बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी रस्त्याकडे बघत राहिलो.

इंजिन निवल्यावर त्याने एकेक गोष्ट बघितली. ऑइलची कांडी ओढून म्हणाला, दुधासारखं झालेलं नाय, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाय, आतून शाबूत हाय. मग मोबाइलच्या उजेडात खालच्या रबरी पाइपाच्या टोकाला बोट लावलं. तिथे पांढरी-हिरवी खपली धरली होती. "हे आजचं नाय काका. लई दिवसांपासून थेंब थेंब गळतंय. घरी गाडीखाली ओल दिसली नाय का?"

बायको रोज पहाटे दारात सडा टाकून रांगोळी काढायची. ती गेल्यावर दार कोरडं बघवेना, म्हणून सडा मी टाकू लागलो. रांगोळी येत नाही, त्यामुळे बादलीभर पाणी गाडीखालपर्यंत भिरकावून मोकळा व्हायचो. वर्षभर मी गळती रोज आपल्या हाताने धुऊन टाकत होतो. हे त्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "टाका सडा, पण आधी खाली वाकून बघत जा."

पाइपाचं चिरलेलं टोक त्याने कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला आणि पट्टी आवळली. चहाच्या टपरीवरून पाणी आणून सावकाश भरलं. गरमी इंजिनातून बाहेर यावी म्हणून हीटर लावायला सांगितला आणि चाळीसच्या वर जाऊ नका म्हणाला. चैत्राच्या उन्हात हीटर लावून मी निघालो, घामाने निथळत. "मी हाय मागं," तो म्हणाला आणि खरंच मागे राहिला. त्याच्या गावाचा फाटा बिडकीनच्या अलीकडे होता, तोही त्याने सोडून दिला. काट्यापेक्षा आरशातच मी जास्त वेळा बघितलं असेल. पैठण दिसू लागलं तेव्हा त्याने हात वर केला आणि मोटारसायकल वळवली. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

बाराला दहा कमी असताना मी घाटावर होतो. विधी नीट पार पडला. गुरुजी गेले, मी पायरीवर बसून राहिलो आणि वर्षभरानंतर देवाशी बोललो. फार नाही. इतकंच म्हणालो की माझ्याच्याने एकट्याने होत नाही.

मग मुलाचा फोन आला. "झालं ना सगळं, बाबा? तुम्ही बरे आहात ना?" नेहमीचं 'मी मजेत आहे' ओठांवर आलं होतं. ते तसंच गिळलं आणि म्हणालो, "नाही रे. मला घरात करमत नाही. येतोस का दोन दिवस?" पलीकडे तो रडायला लागला. आई गेल्यावर तो माझ्यासमोर कधीच रडला नव्हता आणि पोरगं लवकर सावरलं असं मी समजून चाललो होतो. मी कोरडा राहिलो, म्हणून तोही राहिला होता.

तो वाटेतला माणूस कोण होता, देवाने पाठवला की आपणहून थांबला, याचा कीस मी काढत नाही. त्याने माझं मनगट धरलं आणि मी धरू दिलं, ही कृपा मला पुरेशी आहे. मुलगा शुक्रवारी आला. रात्री आम्ही दोघं तिच्याबद्दल बोललो, पहिल्यांदाच.