गंजलेला सायलेन्सर

वडिलांची ती जुनी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी शेवटची दोन वर्षं आमच्या सांगलीच्या घरासमोर नुसती उभी होती. सायलेन्सर गंजून फाटला होता. वडिलांना रहिमतपूरला, अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला भेटायला जायचं होतं. भाड्याची गाडी त्यांना चालायची नाही. "जाईन तर माझ्याच गाडीनं," म्हणायचे. मी सांगायचो, नट गंजलेत, जोर लावला तर बोल्ट आतच तुटतील, मग सगळं इंजिन खोलावं लागेल.

"मिस्त्री म्हणाला का असं?"

मी हो म्हणायचो. मिस्त्रीकडे मी गेलोच नव्हतो. गाडी सुरू झाली की माझे रविवार जातील, एवढंच त्यामागं होतं.

वडील बहिणीला न भेटताच वारले. मग गाडी विकायची म्हणून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं एकेक नट गॅसनं लाल केला, वर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत उतरलं आणि पाना लावताच नट फिरला. तासाभरात सायलेन्सर खाली आला.

"लय काय काम नव्हतं, साहेब. आदी का न्हाई बोलावलं?"

"मीच वडिलांना सांगितलं होतं, की तुम्ही नको म्हणालात."

तो हात पुसायचा थांबला. "मी कवा म्हणालो?"

त्याच आठवड्यात रहिमतपूरला जाऊन आत्याला सगळं सांगितलं.

"मी आपली त्या गाडीलाच बोल लावत हुते रं," एवढंच म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.