मनोऱ्यासमोरचा बाक

शहराच्या दक्षिण टोकाला दगडी कमानींच्या जुन्या इमारती आहेत आणि आता त्या कमानींखाली महागडी, झगमगती दुकानं आहेत. एका रविवारी आम्ही नवरा-बायको तिथे नुसतं फिरायला गेलो. काचेपलीकडची घड्याळं, पैठण्या, त्या सहज उलगडून बघणाऱ्या बायका, सगळ्यांचा थोडा थोडा हेवा करत मी चालले होते. खरा जळफळाट झाला तो मात्र घड्याळाच्या मनोऱ्यासमोर.

तिथल्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांना दिसत नव्हतं. हातात पांढरी काठी होती. आजी त्यांना मनोरा सांगत होत्या.

"वर दगडी सिंह आहे, पण तोंड अगदी तुमच्या थोरल्या काकांसारखं. डोक्यावर कबुतर बसलंय."

"उडालं की सांग हं," आजोबा हसत म्हणाले.

आणि आजी खरंच त्या कबुतराकडे टक लावून बसल्या.

माझा पाय तिथून निघेना. आजोबांच्या आंधळेपणाची कीव यायला हवी होती, पण मला त्यांचा हेवाच वाटत राहिला. एवढं मन लावून मला कधी कुणी काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे हे मागून आले. "चल, उशीर होतोय."

"अहो," मी म्हटलं, "हा मनोरा कसा दिसतो, सांगा ना मला."

त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, मग मनोऱ्याकडे.

"अगं, समोरच तर आहे," ते म्हणाले आणि चालू लागले.