गोठ्यातलं दुसरं हत्यार

माझ्या सासूबाईंनी पोटच्या मुलाचा लपवलेला गावठी कट्टा स्वतःहून पोलिसांना दाखवला.

म्हणून आज ही पोस्ट लिहायला मी आहे.

परवा आई गेल्या. वच्छलाबाई. वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या आमच्या घरी, झोपेतच.

इथल्या बऱ्याच मित्रमैत्रिणींना त्या माझी सख्खी आईच वाटायच्या. कोणी तसं म्हटलं की लगेच दुरुस्त करायच्या, "माय नाई, सासू आहो मी हिची."

तोऱ्यात.

लग्न होऊन मी अल्लीपूरला गेले. भाजीपाल्याची शेती. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. रानडुकरांचा त्रास, म्हणून सासऱ्यांच्या काळापासून घरात लायसन्सची बारा बोर बंदूक. सासरे गेल्यावर लायसन्स नवऱ्याच्या नावावर झालं.

डुकरं तिला फारशी घाबरली नाहीत. मी घाबरले.

तो चिडला की ओरडायचा नाही. अंगणात बाजेवर बसून बंदूक पुसत राहायचा. माझ्याकडे बघत.

मुलगी स्वरा पाळण्यात होती तेव्हा मी वर्ध्याला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला ॲडमिशन घेतली. त्याला न विचारता.

कळलं त्या दुपारी त्याने बंदुकीचा दस्ता माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

आई वावरातून आल्या तेव्हा तो बाहेर निघून गेला होता. त्यांनी मला पाहिलं. स्वराला कडेवर घेतलं, ऑटो बोलावला.

मला वाटलं दवाखान्यात नेतायत.

ऑटो पोलीस ठाण्यासमोर थांबला.

"आई, इथं काऊन?"

"आधी इथं. मंग दवाखाना. उतर."

पोलिसांनीच मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. त्याला पानठेल्यावरून उचललं.

संध्याकाळी, उजेड होता तोवर, जीप घरी आली. फौजदार मॅडम आणि दोन शिपाई. मी हात गळ्यात बांधून ओसरीवर बसले होते. अंगण माणसांनी भरलेलं.

मॅडमनी भिंतीवरची बंदूक उतरवायला लावली. काडतुसं, लायसन्स, सगळं जप्त. पंचांच्या सह्या झाल्या. कापडात गुंडाळून लाखेचं सील लागलं.

माझे चुलत सासरे म्हणाले, "घराची शान होती ते."



मॅडम जीपकडे निघाल्या. मला वाटलं, संपलं.

"थांबा म्याडम," आई म्हणाल्या. "अजून एक आहे."

मला काहीच माहीत नव्हतं.

त्या सगळ्यांना घेऊन गोठ्यात गेल्या. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाकडे बोट दाखवलं. बैलांना चारा काढताना त्यांच्या हाताला ते लागलं होतं. शिपायाने कुटार उपसलं. प्लास्टिकच्या थैलीत देशी कट्टा निघाला. भरलेला.



मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, याचं लायसन्स नाही. मुलावर वेगळी केस लागेल. जेल होईल. समजतंय ना?"

"समजते. म्हणूनच सांगून राह्यली."

चुलत सासरे ओरडले, "वयनी, पोटच्या पोराले फासावर देता काय?"

आई वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"फासावर जाऊ नये म्हणून तं देऊन राह्यली, भाऊजी. आज खांदा मोडला त्यानं. उद्या हे हाती असतं तं? हे पोरगीही गेली असती अन् माहा लेकही."

मॅडमनी टोपी काढून काखेत धरली.

मी शिकले, नोकरी केली, बरीच मोठी माणसं जवळून पाहिली. पण त्या गोठ्यात उभी असलेली, पदराला कुटार लागलेली ती बाई... तिच्याएवढं मोठं मी अजून कोणी पाहिलेलं नाही.

जप्तीच्या कागदावर त्यांनी सही केली. मग घरात येऊन पातळं पिशवीत भरली.

"कुठं चालल्या आई?"

"तुह्यासंगं, वर्ध्याले. लेकरू कोण पाहीन तू कालेजात गेल्यावर?"

कोर्स त्यांनीच पूर्ण करून घेतला माझा. गावाकडच्यांनी त्यांना लग्नकार्यात बोलावणं बंद केलं. त्या कधी रडल्या नाहीत. मला दिसेल असं तरी नाही.

कोर्टात केस उभी राहिली तेव्हा तो जामिनावर होता. आईंनी त्याच्या डोळ्यांत बघून साक्ष दिली. एक शब्द फिरवला नाही.

बाहेर आल्यावर त्या त्याच्याच बाकावर जाऊन बसल्या. डबा उघडला. भरली वांगी.

"जेव. सकायपासून उपाशी असशीन."

मी लांब उभी होते. तो मान खाली घालून जेवला.

याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

त्याला शिक्षा झाली. लायसन्स रद्द झालं. आमचा घटस्फोट झाला. सुटून आल्यावर तो अल्लीपूरला शेती करतो. आई महिन्यातून एकदा बसने जाऊन त्याला भेटून यायच्या. मला कधी "चाल" म्हणाल्या नाहीत. "माफ कर" तर कधीच नाही.

मी केलेलंही नाही.

आज सकाळी पवनारला धाम नदीवर आम्ही अस्थी घेऊन गेलो. तोही आला होता. केस पिकलेत. पाण्यापासून लांब उभा राहिला. मग स्वराच्या हातातल्या मडक्याकडे बघून मला म्हणाला,

"मी सोडू काय?"

इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं.

मी स्वराकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"सोडा," मी म्हटलं.

आई, फासावर जाऊ नये म्हणून दिलेला तुमचा लेक आज घरी नीट पोचला. आम्हीही पोचलो.

तुमच्या सुनेचा आणि नातीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.