सीलबंद आप्पा

आप्पांना जगातली निम्मी माणसं मूर्ख वाटत. उरलेली निम्मी त्यांना अजून भेटलेली नव्हती, एवढंच.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आमच्या साडी-प्रिंटच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळत. मी आठवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन शिरपूरकडून सुरतेत आलेली, साड्यांचे धागे कापणारी. मला कॉम्प्युटरसमोर बसवलं ते त्यांनी. तरी खरं ते सांगते, माणूस सहन करायला अवघड होता.

मशीनवर त्यांनी लिनक्सची अशी एक जात बसवली होती की तिचा गाभा कुणाला बदलताच येत नसे. अपडेट आलं की अख्खी नवी सिस्टीम जुनीच्या शेजारी येऊन बसे. नवी बिघडली तर जुनी तयारच. पहिल्याच दिवशी मी एक छोटासा प्रोग्राम टाकायला गेले, तर आप्पा किंचाळले, "हात नको लावू वं, सीलबंद शे ते!" आम्ही दोघं खानदेशचे, म्हणून ओरडणं अहिराणीत. त्यांचं नाव सीलबंद आप्पा पडलं ते त्या दिवसापासून.

मग काम करायचं कुठे? तर डब्यात. कंटेनरला ते डबा म्हणत. डिझाइनचा एक डबा, रंगजुळणीचा दुसरा. "डबा आंबला की फेक, नवा काढ. जपायचं ते घरात ठेव." घर म्हणजे होम फोल्डर. हे प्रवचन चहाबरोबर रोज. शेजारच्या कारखान्यातल्या इंजिनिअरचं मशीन व्हायरसने बसलं, तेव्हा आप्पा मुद्दाम तिथे चहा पिऊन आले. म्हणाले, "सांत्वनाला गेलो होतो."

त्यांच्या या सोवळ्यापायी नवा स्कॅनर चालू व्हायला चार दिवस लागले. चूक कुणाची? स्कॅनरची. आप्पांची चूक कधी नसेच.

लग्नसराईत एकदा रंगजुळणीचा डबा अडकायला लागला. मी तर त्यांचीच चेली. फेकला, नवा काढला. उघडून बघते तर सहा महिन्यांची रंगांची मापं गायब! जॉर्जेटवर राणी रंग किती, शिफॉनवर मेंदी किती, सगळं गेलं. ते मी डब्यातच साठवत आले होते. आमच्या फाटकावर संध्याकाळी बायकांच्या पिशव्या तपासतात. शेटजींची वस्तू घरी न्यायची नाही, हे पहिल्या दिवशीच बजावलेलं. 'घरात ठेव' म्हटलं की मला वाटे, घरी न्यायला सांगतायत, आणि ते फाटक आठवे. म्हणून घराकडे मी कधी फिरकलेच नव्हते.

शेटजी आले. ऑर्डर अडलेली. "किसने किया?" पुन्हा धागे कापायला बसणं डोळ्यांसमोर आलं.

आप्पांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "माझी चूक," म्हणाले.

शेटजी जणू कित्येक वर्षं याचीच वाट बघत होते. "केम आप्पा, तमारुं तो कंई बगडतुं ज नथी ने?" म्हणजे, तुमचं तर काही बिघडतच नाही ना? सगळे हसले. एरवी चार उत्तरं तोंडावर फेकणारा माणूस पडद्याकडे बघत टाइप करत राहिला. आठवड्याभरात त्यांना घरी बसवलं.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "आप्पा, मी..."

"रडू नको वं. डबा काय आणि घर काय, हे त्या शेटच्या डोक्यात उतरवायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती. खोटं लवकर आटोपलं." चार पावलं जाऊन ते वळले. "आणि घरात ठेवलं म्हणजे चोरी होत नाही, येडी."

मी तर त्यांना पिशव्यांचं काहीच सांगितलं नव्हतं.

मापं पुन्हा काढायला तीन आठवडे गेले. आता ती घरात असतात. परवा शेटजी कौतुकाने म्हणाले, "आप्पा गेल्यापासून काही बिघडत नाही बघ."

मी मान हलवली. 'माझी चूक' म्हणायचं अजून जमत नाही.