अक्कानं गोळा केलेली नावं

दाजींचा फोन आला तेव्हा मी परभणीत वसमत रोडला मेथी घेत होते. "तुमची अक्का गेली," एवढंच म्हणाले. मी मेथी पिशवीत टाकली, घरी आले, निवडायलाही बसले... आणि अर्ध्या जुडीवर रडू फुटलं. दीड महिना झाला. लोक म्हणतात, सुटली बिचारी. या वाक्याचा मला संताप येतो. अक्काला सुटायचं नव्हतं, जगायचं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, झरी गावाला दिलेली. बायकांनी भांडण मिटवायला हिला बोलवावं आणि हिनं दोन्हीकडच्यांना झापून, वर चहा पिऊन यावं, असा स्वभाव. तीन वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. मग डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे पाठवलं. हा कॅन्सर घराण्यातून उतरलेला आहे का, ते बघायचं होतं. घरच्यांची तीन पिढ्यांची माहिती आणा, असा निरोप होता. आमचे भाऊ, अण्णा, मोठ्या तोऱ्यात भिंतीवरची वंशावळ फ्रेमसकट काढून घेऊन आले. सात पिढ्या! बाईंनी ती बराच वेळ बघितली.

"यात मुली कुठं आहेत?"

"लेकी कशाला येतील, मॅडम? त्या दिल्या घरी गेल्या की."

अक्का एवढी हसली की तिला ठसका लागला.

रक्ताचा अहवाल आला आणि हसू संपलं. जनुकात दोष सापडला होता. बाईंनी शांतपणे समजावलं... हा दोष बापाकडूनही येतो, पुढं प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता अर्धी. आला म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, पण आधी कळलं तर वेळेवर तपासण्या होतात, जीव वाचतो. आमची आई ऐंशीची, ठणठणीत. दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, दोन्ही बहिणी मात्र तरुणपणीच गेलेल्या. म्हणजे हे दादांकडून आलं असणार. अण्णा तिथून उठलेच. "मी गडी माणूस, मला काय व्हायलंय," म्हणाले आणि रक्त न देता घरी आले.

अक्का मात्र पेटली. नुकते केस फुटू लागलेलं डोकं पदरानं झाकून एसटीनं मानवतला गेली, थोरल्या आत्याच्या लेकीकडं. ती म्हणाली, "आईला छातीला गळू झालतं. लाजंनं कुणाला दावलंच न्हाई." धाकट्या आत्याचंही तेच निघालं. अक्का वहीत लिहीत गेली. माहेरचं नाव, सासरचं नाव, कशानं गेली. सासरी नावं बदललेली. काही जणींची माहेरची नावं कुणाला आठवेनात. भावकीत घरोघर सांगत सुटली, तपासून घ्या म्हणून. लोक तिला टाळू लागले. प्रत्येकाच्या घरात लग्नाची पोर होती ना!

आणि मी काय केलं? अक्काची एकुलती लेक पल्लवी, तिची सोयरीक तेव्हाच जुळत होती. अक्का म्हणाली, "आधी पोरीला सांगते, मग पाहुण्यांना." मी तिचे हात धरले. "अक्का, लगीन मोडंल. अक्षता पडू दे, मग सांग." साऱ्या भावकीला झापणारी अक्का माझ्यापुढं गप्प झाली. लग्न झालं. मग पल्लवीला दिवस गेले. पोटुशीला कसं सांगायचं? मग बाळंतपण... तोवर अक्काचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला आणि शेवटी तिला बोलवेना.

गेल्या आठवड्यात पल्लवी माहेरी आली म्हणून झरीला गेले. ती अक्काच्या बाजेवर दवाखान्याची फाईल पसरून बसली होती. शेजारी, अक्कानं दुखत्या हातानं शिवलेल्या दुपट्यावर, तिची तीन महिन्यांची लेक झोपलेली.

"मावशी, या चिठ्ठीत तपासायच्या माणसांत माझं नाव हाय. आईनं मला सांगितलं का न्हाई?"

"मी अडवलं तिला."

तिनं चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

"तुझंबी नाव हाय. तू दिलंस का रगत?"

दिलं नव्हतं. भीत होते, अजूनही भिते. "न्हाई," मी म्हणाले.

पल्लवी रडली नाही. ओरडलीही नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दुपट्यासकट लेक उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हिला तरी कोण सांगणार हाय, मावशी?"