एकच ओरखडा

कल्पना करा, तुमच्या हातात टोकदार छिन्नी आहे आणि समोर पितळेची पाटी. दारावर लावायचं नाव कोरायचंय. पितळेवर खोडरबर चालत नाही.

पाटीवाली बावीस वर्षं हेच करत होती. मग एका महिन्यात तिची झोप उडाली, तोंडाचा पट्टा सुटला, अख्ख्या गल्लीला फुकट पाट्या जाहीर झाल्या. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीही असंच झालं होतं, त्यामुळे ‘बायपोलर’ हे निदान लगेच चिकटलं. गोळ्यांनी ती जमिनीवर आली. पण ओळखीची नावं आठवेनात, आणि दिवसातून कैकदा उजवा हात नि ओठाचा कोपरा क्षणभर खेचला जायचा.

“गोळ्यांनी हात थोडा कापतोच,” मनोविकाराचे डॉक्टर म्हणाले.

“ताई, ऐक ना त्यांचं,” धाकटा भाऊ कुजबुजला. “ते शिकलेत.”

“आणि मी काय इतकी वर्षं गवत उपटत होते?”

घरी तिने बिघडलेल्या पाट्यांची पेटी उपसली. प्रत्येकीच्या मागे तारीख कोरायची तिची सवय. पुढच्या भेटीत तिने सात पाट्या डॉक्टरांच्या टेबलावर खणखण मांडल्या.

“हे भिंग घ्या. हात कापला की रेघ दातेरी होते, करवतीसारखी. ही तुमच्या गोळ्यांची. आणि हा बघा एकच ओरखडा. त्याच्या आधी सरळ, नंतरही सरळ. हा झटका आहे. आता पाटी उलटा.”

तारीख पहिल्या गोळीच्या तेरा दिवस आधीची होती.

डॉक्टरांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मग त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. रक्त तपासलं, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच तिच्या मेंदूवर उलटली होती. उपचार झाले, झटके थांबले. नावं मात्र अजून अडखळत येतात.

“मनाची गोळी चालूच ठेवा,” पहिले डॉक्टर म्हणाले. “बायपोलरच्या बहुतेक रुग्णांत असं काही सापडत नाही. दोन्हींचा संबंध आहे का, यावर शोध चालू आहे.”

“चांगलंय. मी दर भेटीला विचारणार, कंटाळायचं नाही.”

आणि ती विचारते. कामाचे हात पदराला पुसत, दवाखान्याच्या उंबऱ्यावरूनच:

“डॉक्टर, एकोणिसाव्या वर्षीचं नि आताचं... दोन आजार, की एकच?”