भगदाडातलं टेबल

मुख्याध्यापकाची खुर्ची शिवणबाईंच्या गळ्यात पडली ती बाकी सगळ्यांनी हात वर केले म्हणून. गणिताच्या सरांना रक्तदाब आठवला, भाषेच्या बाईंना गुडघे, आणि भूगोलाच्या सरांनी आजार शोधायचे कष्टही घेतले नाहीत, "मला वेड लागलेलं नाही," म्हणाले. भर बाजारपेठेतल्या या माध्यमिक शाळेत एकेकाळी प्रवेशासाठी लोक वशिले लावत. आता इथे शिकलो म्हणायची चोरी झाली होती. पोरं वर्गात दिसली नाहीत तर शाळा बंद, असं शिक्षणखात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. मुलगे कुठेतरी चिकटले असते. पण मुलींना घरचे लांबच्या शाळेत पाठवणार नव्हते. शिवणाच्या वर्गातली एकेक मुलगी डोळ्यांसमोर येई आणि बाईंना काही हात वर करवेनात.

"तू काय करणार? शाळेला बटणं लावणार?" यजमान म्हणाले.

"उसवलंय कुठे ते आधी बघते," बाई म्हणाल्या.

उसवलं होतं मागच्या भिंतीत. तिथे चांगलं बैल जाईल एवढं भगदाड होतं. मधल्या सुट्टीत निम्मी शाळा त्यातून बाजारात जाई ती दुसऱ्या दिवशीच उगवे. आधीच्या मुख्याध्यापकांनी ते अनेकदा बुजवलं. दर वेळी पोरांच्या आधी विटाच पळाल्या. बाईंनी वीट आणलीच नाही. त्यांनी शिपायाला सांगितलं, "माझं टेबल उचला आणि तिथे मांडा."

"बाई, ऊन लागेल."

"मग छत्री आणा."

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली, बाई सावरून बसल्या, आणि पहिले आले ते गणिताचे सर, काखोटीला पिशवी मारून. बाईंना बघताच म्हणाले, "भिंतीची लांबी मोजत होतो." त्यांच्या मागोमाग भूगोलाचे सर, त्यांना दिशाच सुचेना. गुडघेवाल्या भाषेच्या बाई तर विटांच्या ढिगावरून टुणकन उडी मारायच्या बेतात होत्या. बाईंनी डोक्याला हात लावला. पोरं कुणाचं बघून पळतात ते न विचारताच कळलं. तिघेही निमूट वर्गावर गेले, आणि आता दुसरा उद्योगच उरला नाही म्हणून शिकवू लागले.

मग पोरं आली. पुढे होता नववीतला म्होरक्या. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता.

"कुठे निघालास?"

"बाजारात."

"जा की! जातोयस तर घड्याळवाल्याला किती वाजले ते विचारून ये. शाळेचं घड्याळ बंद आहे. तू आल्याशिवाय मी डबा उघडत नाही."

पैलवान गेला खरा, पण उनाडण्यातली सगळी मजा गेली. तिकडे बाई उपाशी बसलेली आणि इकडे आपण गोट्या खेळायच्या? थोड्याच वेळात तो धापा टाकत परत आला. बाईंनी वेळ ऐकून घेतली आणि मगच डबा उघडला. पुढे हीच रीत पडली. जो निघेल त्याच्या मागे काम: कुठून खिळा आण, कुणाच्या आजीचा ताप उतरला का बघून ये. पोरं जात आणि मुकाट परत येत. मग कामाला कंटाळून बरीचशी जायचीच बंद झाली.

आणि नेमक्या नको त्या दिवशी साहेब न कळवता आले. शिवणाच्या वर्गाला चिंध्या हव्या होत्या, म्हणून बाईंनीच अर्धी नववी शिंप्यांकडे पिटाळली होती. साहेबांनी रिकामे बाक पाहिले.

"मी पाठवलीत. येतील," बाई म्हणाल्या.

"बाजारात सोडलेली पोरं परत येतात?" साहेब हसले आणि भगदाडापाशी जाऊन उभे राहिले. गणिताच्या सरांना आता खरोखरच रक्तदाब झाला.

शेवटी चिंध्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पैलवान आला. मागे सगळी टोळी. साहेबांनी त्याला अडवलं. "सुटला होतास ना? मग परत कशाला आलास?"

पैलवानाला प्रश्नच कळेना. "बाई जेवायच्या थांबल्यात ना!"

बाईंना रडू आवरेना. साहेब मात्र भगदाडातून बाहेर पडून बाजारापलीकडच्या कचेरीकडे निघाले. आता संपली शाळा, असं वाटून बाईंचा धीर सुटला आणि तोंडून सवयीने निघून गेलं, "साहेब, जाताय तर शाळा चालू ठेवायचा हुकूम घेऊन या. तुम्ही येईपर्यंत मी डबा उघडत नाही."

"बाई, सरकारी काम आहे. उपाशी मराल!" शिपाई कुजबुजला.

बाई हलल्या नाहीत. शाळा सुटली, तरी एकही पोर घरी जाईना. ऊन उतरायला लागलं तेव्हा साहेब बाजारातून घामाघूम होऊन धावत आले. हातातल्या कागदावरचा शिक्का अजून ओला होता. कागद टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बाई, आधी जेवून घ्या."